कुडाचे घर

कुडाचे घर म्हणजे कारवीच्या किंवा तत्सम झुडपांच्या काड्या उभ्या रोवून, त्या आडव्या कामट्यांनी बांधून, दोन्ही अंगांनी माती व शेणाचा गिलावा देऊन उभारलेल्या भिंतींचे लहान ग्रामीण घर होय. अशा भिंतीला ‘कूड’ म्हणतात. घराचे छप्पर लाकडी खांबांवर तोललेले असते आणि ते गवत, भाताचा पेंढा, पाने किंवा कौले यांनी शाकारतात. उत्तर कोकणात, म्हणजे आजच्या ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांत, तसेच सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर ही घरे पूर्वी सर्वत्र आढळत. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी व कोकणा या आदिवासी जमाती आणि आगरी, कुणबी यांसारखे शेतकरी समाज अशा घरांत राहत आले आहेत. जगाच्या अनेक भागांत याच तत्त्वावर बांधलेली लहान घरे होती व काही ठिकाणी अजून आहेत.

नाव व संज्ञा

‘कूड’ हा शब्द संस्कृत ‘कुड्य’ (भिंत) या शब्दाशी जोडला जातो. मराठीत भिंत आणि कूड यांत मात्र फरक केला जातो. दगड, वीट किंवा मातीचे थर रचून केलेली ती भिंत आणि काड्यांचा सांगाडा लिंपून केलेला तो कूड. कूड पातळ असल्याने पलीकडचे बोलणे अलीकडे ऐकू येते, म्हणून ‘कुडास कान, ठेवी ध्यान’ ही म्हण रूढ झाली. घराच्या इतर अवयवांनीही भाषेला बरेच दिले आहे. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ या म्हणीतले वासे छपराचे. वळचणीला येणे म्हणजे आसऱ्याला येणे. आणि ज्याच्या छपरातून चंद्र दिसतो ते घर ‘चंद्रमौळी’. शिवाचे एक नाव मोडक्या छपराला देण्यातला उपरोध मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

लहान घरासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. झोपडी, खोपटे, खोप, कुटी, पर्णकुटी, कुटीर, पाल हे सर्व शब्द लहान निवाऱ्याचे आहेत, परंतु त्यांची प्रतिष्ठा सारखी नाही. ऋषीची ती पर्णकुटी, मजुराची ती झोपडी आणि शहरी पाहुण्याने सुट्टीसाठी भाड्याने घेतली की तेच ‘कॉटेज’. ‘कुटीर’ हा शब्द विसाव्या शतकात इंग्रजी ‘कॉटेज’चा पर्याय म्हणून शासकीय भाषेत स्थिरावला. ‘कुटीरोद्योग’ हा त्यातला सर्वांत परिचित समास. जव्हार येथील शासकीय रुग्णालयाच्या नावातही ‘कुटीर रुग्णालय’ अशी संज्ञा आहे. ‘ताटी’ हा शब्द अशा घराच्या दाराचा. काड्या किंवा कामट्या विणून केलेली ती झडप असते. संत मुक्ताबाईंच्या ‘ताटीच्या अभंगां’ना याच झडपेवरून नाव मिळाले आहे.

प्राचीनता

महाराष्ट्रात या बांधणीचा पुरातत्त्वीय पुरावा तीन हजार वर्षांहून जुना आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी हे या कामाशी संबंधित प्रमुख पुरातत्त्वज्ञ होत. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघड झाले. जमिनीत खांबांसाठी केलेले खड्डे, चोपलेल्या भुया, चुली आणि धान्य साठवण्याच्या जागा यांवरून घरांचे स्वरूप ठरवता आले. कमी उंचीची मातीची भिंत, तिच्यावर लिंपलेला कूड आणि वर गवताचे छप्पर, अशी त्यांची सर्वसाधारण रचना होती.

पहिल्या कालखंडांतील घरे मोठी व आयताकार आहेत. उत्तर-जोर्वे काळात, इ. स. पू. १००० नंतर, मात्र लहान गोल झोपड्यांचे प्रमाण वाढते. पाऊसमान खालावून शेती ढासळली आणि वस्ती दरिद्री झाली, असे स्पष्टीकरण ढवळीकरांनी दिले. घराच्या आकारावरून माणसाची सांपत्तिक स्थिती वाचण्याची पद्धत पुरातत्त्वातही आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, शासकीय पाहणीतही.

बांधणी

कुडाच्या घरात भिंत छपराचा भार घेत नाही. हा या बांधणीचा गाभा आहे आणि बाकीच्या बहुतेक गोष्टी त्यातून निघतात. भार घेतात ते खांब. साग, ऐन किंवा खैर अशा टिकाऊ लाकडाचे, वरच्या टोकाला दुबेळके असलेले खांब जमिनीत पुरतात. त्यांना ‘मेढी’ म्हणतात. मधल्या उंच मेढींच्या बेचक्यांत आढे बसते, कडेच्या ठेंगण्या मेढींवर आडव्या तुळया येतात आणि आढ्यापासून तुळयांपर्यंत वासे उतरतात. वाशांवर बांबूच्या किंवा लाकडाच्या रिपा बांधल्या की छपराचा सांगाडा पुरा होतो. खिळ्यांची गरज नसते. वाख, अंबाडीची दोरी, काथ्या किंवा रानवेलींच्या साली यांनी सांधे आवळले जातात. छप्पर आधी आणि कूड नंतर, असा कामाचा क्रम असू शकतो, कारण कूड हा केवळ आडोसा आहे.

कुडासाठी कारवी सर्वांत पसंतीची. कारवी (शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस कॅलोसा) हे सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारे झुडूप आहे. ते सात-आठ वर्षांच्या अंतराने एकदाच आणि सर्वत्र एकदम फुलते, बी धरते आणि वाळून जाते. त्या फुलोऱ्याच्या बातम्या आता वर्तमानपत्रांत छायाचित्रांसह येतात. घर बांधणाऱ्याला मात्र फुलांनंतरचे वर्ष अधिक महत्त्वाचे असे, कारण त्या वर्षी डोंगरभर वाळलेली सरळ काडी उभी असे. कारवीची काडी अंगठ्याएवढी जाड, माणसापेक्षा उंच आणि अंगाने खरखरीत असते. या खरखरीतपणामुळे माती तिला घट्ट धरते. जेथे कारवी नाही तेथे निरगुडी, बांबूच्या कामट्या, तुराट्या किंवा पऱ्हाट्या वापरतात. विदर्भ-मराठवाड्यातील कूड बहुधा तुराट्या-पऱ्हाट्यांचा असतो, म्हणजे तेथे भिंत शेतातून येते आणि कोकणात डोंगरातून.

खांबांच्या रेषेत उथळ चर खणून त्यात काड्या एकीला एक लागून उभ्या करतात व आतून-बाहेरून आडव्या कामट्या बांधून आवळतात. गिलाव्याची माती शेतातली किंवा वारुळाची घेतात. वारुळाची माती बारीक व चिकट असल्याने ती चांगली मानली जाते. मातीत भाताचा तूस, बारीक कापलेला पेंढा व शेण घालून पाणी ओततात, पायांनी तुडवतात आणि काही दिवस मुरू देतात. तूस व पेंढा यांचे तंतू माती वाळताना पडणाऱ्या भेगा आवरतात. पहिला हात जाड, दुसरा भेगा बुजवणारा आणि शेवटचा शेणकाल्याचा. काही घरांत कूड छपरापर्यंत लिंपत नाहीत. वरचा हातभर भाग मोकळा सोडतात. त्यातून चुलीचा धूर बाहेर जातो आणि वारा आत येतो.

भुई करण्याचे काम वेगळे कौशल्य मागते. जोत्यात मुरूम व माती भरून, पाणी शिंपडून लाकडी चोपण्याने ती दिवसचे दिवस चोपतात आणि मग सारवतात. सारवण दर आठ-पंधरा दिवसांनी आणि सणावाराला पुन्हा करावे लागते. ही सगळी देखभाल जवळपास पूर्णतः स्त्रियांकडे असते. मातीच्या घरांवरील कौतुकपर लेखनात या श्रमाची नोंद क्वचितच आढळते. ज्यांनी आयुष्यभर भुई सारवली त्या स्त्रियांना फरशीचे आकर्षण वाटले तर ते केवळ शहराचे अनुकरण नव्हे.

छप्पर आणि पाऊस

उत्तर कोकणात वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मातीचा गिलावा एवढ्या पावसात उघडा राहिला तर एका नक्षत्रात वाहून जाईल. म्हणून छप्पर कुडाच्या बरेच बाहेर आणि खाली आणतात. कित्येक घरांत शिरताना वाकावे लागते. छपराच्या या बाहेर आलेल्या कडेखालची जागा म्हणजे वळचण. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर पडावे, हा तिचा हेतू. पश्चिमेकडून येणारी झड अडवण्यासाठी पावसाळ्यापुरता पेंढ्याचा, पानांचा किंवा नारळाच्या झावळ्यांच्या झापांचा आणखी एक आडोसा कुडाला लावतात. शेतकरी डोक्यावर इरले घेतो तसेच हे घराचे इरले.

गवताचे किंवा पेंढ्याचे छप्पर पाणी अडवत नाही. ते पाण्याला आत झिरपायच्या आधी उतरवते. त्यामुळे त्याचा उतार कौलांच्या छपरापेक्षा तीव्र ठेवावा लागतो. घर दुपाखी असो की चौपाखी, हा नियम बदलत नाही. पेंढ्याचे छप्पर दरवर्षी किंवा वर्षाआड शाकारावे लागते. शाकारणी वैशाखात, रोहिणीच्या आत उरकण्याची रीत आहे. आत चूल पेटती असली की तिचा धूर छपरातून झिरपत बाहेर पडतो आणि वासे, रिपा व दोऱ्या यांवर काजळीचा थर धरतो. या धुरामुळे कीड दूर राहते. तोच धूर स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत आणि छातीतही जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेसल मिशनने मंगळूर येथे यंत्रावर कौले तयार करण्याचे कारखाने सुरू केले आणि ‘मंगलोरी कौल’ पश्चिम किनाऱ्यावर पसरले. त्याआधी कुंभाराने घडवलेली नळीची देशी कौले होती. माकडे व मांजरे यांनी ती हलवली की दरवर्षी पुन्हा चाळावी लागत. मंगलोरी कौल एकमेकांत अडकते, म्हणून ते या कामातून सुटका करणारे ठरले. पुष्कळ कुडांवर अशा रीतीने कारखान्यातले छप्पर आले. भिंत जुनी आणि माथा नवा, असे हे घर अनेक दशके टिकले. पुढे कौलांची जागा सिमेंटच्या आणि लोखंडी पत्र्यांनी घेतली. पत्रा स्वस्त, हलका व एका दिवसात बसणारा आहे. उन्हाळ्यात तो घर तापवतो आणि पावसात बोलणे ऐकू देत नाही.

अंतर्गत रचना

घर लहान असले तरी त्यात जागांची नेमणूक स्पष्ट असते. पुढे अंगण किंवा खळे, मग पडवी अथवा ओटी, जिथे पाहुणा बसतो व दुपारी जाळी विणली जातात किंवा टोपल्या होतात, आत माजघर, एका अंगाला चूल. भाताची कणगी ही आतली सर्वांत महत्त्वाची वस्तू. बांबूच्या कामट्यांची विणलेली व शेणाने लिंपलेली ही कणगी पुष्कळदा खोल्यांमधल्या भिंतीचे काम करते, म्हणजे सुगीनंतर ती भरली की घराला आडोसा मिळतो. मडक्यांची उतरंड, पाट्या-वरवंट्याची जागा आणि वर लाकूडफाटा व बी-बियाणे ठेवण्याचा माळा. अनेक घरांत गुरे त्याच छपराखाली, एका बाजूच्या गोठ्यात असतात. देवाची जागा एखाद्या मेढीजवळ असते.

भिंतीवरील चित्रे

वारली चित्रकला ही मुळात कुडाची कला आहे. गेरू किंवा शेणाने सारवलेल्या तांबूस-तपकिरी पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सवाशिणी लग्नाचा चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते. चौक लिहिल्याखेरीज लग्न लागत नाही. चित्र टिकावे असा हेतू त्यात नसतो. पुढच्या सारवणात ते जाते. ठाणे-रायगडच्या आगरी समाजातही लग्नात धवलारीण धवले गाते, तेव्हा घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढण्याची प्रथा आहे.

१९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी वारली चित्रकारांना कागद उपलब्ध करून दिला आणि ही कला घराबाहेर पडली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांना तिच्यामुळे जागतिक कीर्ती मिळाली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. त्यानंतर विमानतळ, हॉटेले आणि साड्या यांवर वारली आकृत्या दिसू लागल्या. चित्र पसरले आणि ज्या भिंतीवर ते लिहिले जाई ती भिंत कमी होत गेली. हे दोन्ही एकाच पन्नास वर्षांत घडले. कापडावर काम करणारे काही चित्रकार अजूनही शेण व गेरूचा पोत देतात, तो या कुडाचा शेष आहे.

महाराष्ट्रातील अन्य प्रकार

दक्षिण कोकण व गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यांची घरे बांधतात. देशावर पाऊस कमी, म्हणून तेथे जाड भिंतींवर लाकूड, काड्या व पांढऱ्या मातीचे सपाट धाबे किंवा माळवद येते. मेंढपाळ धनगरांचे पाल घोड्यावर लादून नेता येते. हवामानातला फरक घराच्या भिंतीत उतरतो. देशावरची जाड भिंत दिवसाचे ऊन रात्रीपर्यंत अडवून धरते. दमट कोकणात ऊन अडवण्यापेक्षा वारा खेळवणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी पातळ, सच्छिद्र कूड बरा.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडांच्या जड भिंती आणि मातीच्या जाड धाब्यांखाली हजारो माणसे दगावली. जड भिंत श्रीमंतीची व कायमपणाची खूण मानली जाते. त्या पहाटे तीच घातक ठरली. कूड कोसळला तरी त्याखाली माणूस सहसा चिरडत नाही. याउलट वारा व आग हे हलक्या घराचे शत्रू होत. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मोठ्या प्रमाणावर कौले व पत्रे उडवले. पेंढ्याच्या छपराला ठिणगी पुरते.

अन्य संस्कृतींतील समांतर घरे

काड्यांचा सांगाडा आणि मातीचा गिलावा ही रीत कोणा एका संस्कृतीची नाही. इंग्लंडमधील जुन्या लाकडी चौकटींच्या घरांत हेझलच्या काड्या विणून त्यावर माती, शेण व पेंढ्याचा लेप दिलेला असतो, म्हणजे साहित्य कारवीच्या कुडाचेच. जर्मनीतील लाकडी चौकटींची घरे त्याच जातीची. पेरूमध्ये हिला ‘किंचा’ म्हणतात. १७४६च्या भूकंपानंतर लिमा शहराच्या पुनर्बांधणीत वरचे मजले जड विटांऐवजी किंचाचे करण्यात आले. गुजरातेत कच्छमधील गोल भुंग्यांपैकी पुष्कळ २००१च्या भूकंपात उभे राहिले. त्यांतील काही मातीच्या भिंतींचे, काही लिंपलेल्या काड्यांचे असतात. रशियातील इझ्बा मात्र आडव्या ओंडक्यांचे, थंडी अडवणारे घर; त्याचे कुडाशी नाते आकारापुरते.

जपानच्या शिराकावा-गो येथील ‘गाश्शो’ घरांची तीव्र उताराची गवती छपरे प्रसिद्ध आहेत. युनेस्कोने १९९५ मध्ये त्यांना जागतिक वारसा स्थळांत स्थान दिले. अशा घराचे छप्पर काही दशकांतून एकदा बदलतात आणि त्यासाठी ‘युई’ या प्रथेनुसार सारे गाव एकत्र येते. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. महाराष्ट्रात शेतीच्या कामासाठी हीच देवघेव ‘इर्जिक’ किंवा ‘सावड’ या नावांनी चाले. शाकारणीही एकट्या कुटुंबाचे काम नव्हते. शेजारी शाकारायला येणे थांबले की पेंढ्याचे छप्पर महाग होते, मग पेंढा फुकट मिळाला तरी.

‘बंगला’ शब्दाचा प्रवास विशेष आहे. बंगालमधील बाकदार छपराच्या, गवताने शाकारलेल्या झोपडीवरून युरोपीय व्यापाऱ्यांनी आपल्या एकमजली घराला ‘बंगला’ म्हटले. तो शब्द इंग्रजीत गेला आणि जगभर पसरला. मराठीत आज बंगला म्हणजे धनिकाचे स्वतंत्र घर; मुळातली झोपडी त्यातून पूर्ण पुसली गेली आहे.

बापू कुटी

महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध कुडाची घरे वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे आहेत. महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहायला आले. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील आदी निवास व बापू कुटी या वास्तू माती, बांबू, लाकूड आणि देशी कौले अशा आसपास मिळणाऱ्या साहित्याच्या आहेत. बापू कुटी आधी मीराबेन यांची होती. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७८ मध्ये सेवाग्राम येथे केलेल्या भाषणात या झोपडीचाच विषय घेतला होता. ही कुटी आज सुस्थितीत आहे, कारण तिला नियमित लिंपणारी व शाकारणारी संस्था आहे. एरवीच्या कुडाला तशी व्यवस्था नसते आणि एक-दोन पावसाळे दुर्लक्ष झाले की तो मातीत मिळतो.

घर आणि जागेचा हक्क

लहान घराचा प्रश्न बहुतेक ठिकाणी त्याखालच्या जमिनीचा असतो. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ पहिली हिच्या कारकिर्दीत, १५८९च्या सुमारास झालेल्या एका कायद्याने नव्या कॉटेजबरोबर किमान चार एकर जमीन असणे सक्तीचे केले. तो १७७५ मध्ये रद्द झाला. वेल्समध्ये अशी लोकसमजूत होती की गायरानावर एका रात्रीत घर उभारून सकाळी चुलीचा धूर दिसला तर ती जागा बांधणाऱ्याची. तुर्कस्तानातील शहरांच्या कडेच्या वस्त्यांना ‘गेजेकोंदू’, म्हणजे रात्रीत ठेवलेले, असे नाव आहे.

ठाणे-रायगड भागात हा प्रश्न कातकऱ्यांच्या बाबतीत सर्वांत तीव्र दिसतो. कात करण्यावरून नाव मिळालेली ही जमात केंद्र शासनाच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडते. तिच्या वाड्या बहुधा गावठाणाबाहेर, दुसऱ्याच्या मालकीच्या किंवा सरकारी जमिनीवर वसलेल्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घराखालची जागा नावावर नाही. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मध्ये कुळाच्या राहत्या घराला आणि त्याखालच्या जागेला संरक्षण आहे. वनजमिनीवरील निवासासाठी २००६च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा ग्राह्य धरला जातो. परंतु दोन्हींसाठी जुन्या वास्तव्याचा पुरावा लागतो. दर काही वर्षांनी नव्याने बांधले जाणारे घर असा पुरावा मागे ठेवत नाही. कूड जमिनीला परत जातो, हा त्याचा गुण कायद्यापुढे दोष ठरतो. जमिनीचे भाव वाढू लागले की या त्रुटीची किंमत वाढते.

शासकीय पाहण्यांत माती, बांबू, गवत यांचे घर ‘कच्चे’ आणि वीट, दगड, काँक्रीट यांचे ‘पक्के’ ठरते. २०११च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीत कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेली एकच खोली हा वंचिततेचा एक निकष होता. त्याच आधारावर प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. तीत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशात १.२० लाख रुपयांचे साहाय्य ठरवण्यात आले. त्याआधी १९८५ पासून इंदिरा आवास योजना होती. महाराष्ट्रात शबरी व रमाई या नावांच्या योजनाही आहेत. या सर्वांना बोलीत ‘घरकुल’ म्हणतात. लाडाने उच्चारायचा हा शब्द आता अर्जावरचा झाला आहे. ज्याच्या नावावर जागा नाही त्याला घरकुल मिळणे अवघड, म्हणजे ज्याचे घर सर्वांत कच्चे तोच मागे राहण्याचा संभव अधिक. ‘कच्चे’ या वर्गीकरणात चांगला राखलेला कूड आणि प्लॅस्टिक ताणलेले पाल यांत अंतर राहत नाही, ही त्याची आणखी एक उणीव.

दापोडे व भिवंडी परिसर

दापोडे हे ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील माणकोलीजवळचे गाव आहे. उल्हास नदीची खाडी आणि कामवारी नदी यांच्या परिसरातील हा पट्टा भातशेतीचा. खाडीकाठी मिठागरे व मासेमारी. वस्तीत आगरी समाज मोठ्या संख्येने आहे. जवळच्या अणजूर येथे वसईच्या मोहिमेशी संबंधित नाईक घराण्याचा वाडा आहे. अशा वाड्यांची नोंद इतिहासात होते, भोवतालच्या कुडांची होत नाही.

या भागातील कुडाचे घर भातशेतीच्या चक्रात बसलेले होते. छपराला पेंढा, गिलाव्याला तूस, सारवणाला शेण, रंगाला तांदळाचे पीठ, हे सर्व शेतातून व गोठ्यातून येई. कारवी व लाकूड तेवढे डोंगराकडून आणावे लागे. वनकायद्यांमुळे दुसरा पुरवठा आधीच आटला होता. पहिला गोदामांनी संपवला. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, पण महामार्ग व बंदरांच्या जवळ असल्याने दापोडे, माणकोली, राहनाळ, वळ, पूर्णा, काल्हेर या गावांच्या शेतांत गोदामे उभी राहू लागली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर कंपन्यांनी विखुरलेले साठे मोठ्या गोदामांत एकत्र केले आणि हा पट्टा देशातील मोठ्या गोदाम केंद्रांपैकी एक झाला. २००७ पासून भिवंडीभोवतालच्या अधिसूचित क्षेत्रातील गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे नियोजन प्राधिकरण आहे.

शेत गेले की गुरे जातात आणि गुरे गेली की शेण. तेव्हा ज्याला कुडातच राहायचे आहे त्यालाही तो राखण्याचे साहित्य विकत आणावे लागते आणि त्या हिशेबात सिमेंटचे घर स्वस्त पडते. कूड हरवण्याचे कारण केवळ रुचीतला बदल असे मानणे म्हणूनच अपुरे आहे. भिवंडीत हे याआधी एकदा घडले होते. येथील विणकाम घरातल्या हातमागावर सुरू झाले; यंत्रमाग आला तसे ते घराबाहेर पडून शेडमध्ये गेले आणि ‘कुटीरोद्योगा’तले कुटीर नावापुरते उरले.

भिवंडी, कल्याण, शहापूर व वाडा या तालुक्यांत पावसाळ्यानंतर वीटभट्ट्या सुरू होतात. पालघर व रायगडच्या पाड्यांवरील कातकरी, वारली कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन तेथे येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर ती न भाजलेल्या विटा एकावर एक रचून, वर पेंढा किंवा ताडपत्री टाकून राहतात. या झोपडीत मेढ नसते, जोते नसते, सारवलेली भुई असलीच तर हातभर. हंगाम संपला की तिच्या भिंतीच्या विटाही भट्टीत जातात. गावाकडे मागे राहिलेला कूड त्या सहा-सात महिन्यांत बंद असतो. परतल्यावर मृगाच्या आधी तो लिंपून व शाकारून व्हावा लागतो.

सद्यस्थिती

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू तसेच शहापूर व मुरबाडच्या डोंगराळ भागांत कुडाची घरे अजून वापरात आहेत. अन्यत्र पक्क्या घराच्या मागे स्वयंपाकाचे खोपटे, गोठा किंवा कोंबड्यांचा खुराडा यांच्या रूपाने कूड उरला आहे. बारशाला किंवा लग्नाला अंगणात मांडव पडतो तेवढ्यापुरती मेढ पुरण्याची पद्धत सर्वत्र चालू आहे. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात देशातील विविध जमातींची घरे त्या त्या समाजातील कारागिरांकडून खुल्या आवारात बांधून घेतलेली आहेत. लॉरी बेकर (१९१७–२००७) यांच्या कामामुळे स्थानिक व स्वस्त साहित्याकडे वास्तुविशारदांचे लक्ष वळले आणि महाराष्ट्रातही काही जण माती व बांबूची घरे बांधू लागले. ती बहुधा शहरवासीयांची शेतघरे किंवा कृषी पर्यटनाची निवासस्थाने असतात. तेथे कुडाचे काम करायला जे कारागीर बोलावले जातात, त्यांच्यातील काहींची स्वतःची घरे आता विटांची आहेत.